ढगाच्या पोटात माप ठेवायचे तर

‘ट्विस्टर’ पुन्हा पाहिला. यान द बॉण्ट यांचा १९९६ चा सिनेमा. हेलन हंट आणि बिल पॅक्स्टन ओक्लाहोमाच्या उघड्या रानांतून गाड्या पिटाळत टॉर्नेडोच्या मागे धावतात, तोच. त्या वयात डोळ्यांत भरली होती ती उडणारी गाय आणि हवेत उचलला गेलेला टँकर. आता नजर खिळली ती एका पिंपावर. त्याचे नाव डोरोथी. पिंपात शेकडो इवलेसे संवेदक भरायचे, पिंप टॉर्नेडोच्या वाटेवर ठेवायचे आणि वादळानेच ते संवेदक वर ओढून न्यायचे, म्हणजे आतला वारा कसा फिरतो ते बाहेर कळेल, अशी ती योजना. लोकांना जेमतेम तीन मिनिटे आधी मिळणारा इशारा पंधरा मिनिटे आधी मिळावा, यासाठी हा सगळा जिवावरचा खटाटोप. सिनेमाची प्रेमकथा बेताचीच आहे, पण ही धडपड अस्सल आहे. तिच्यामागे खरा इतिहास आहे.

अमेरिकेच्या ‘नोआ’ या हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी असे एक पिंप खरोखर बनवले होते. त्याचे नाव टोटो. ‘विझर्ड ऑफ ऑझ’मधल्या डोरोथीच्या कुत्र्याचे हे नाव, सिनेमावाल्यांनी कुत्र्यावरून मालकिणीचे नाव उचलले. टोटोचे वजन दोनशे किलोच्या आसपास होते आणि ते ट्रकच्या मागच्या भागातून झटपट खाली उतरवता येई. १९८० च्या दशकात ओक्लाहोमा विद्यापीठाचे हॉवर्ड ब्लूस्टीन आणि त्यांचे विद्यार्थी ते घेऊन रानोमाळ हिंडले. पण टॉर्नेडो नेमका त्या पिंपावरून जावा हा योग काही जुळला नाही. १९८४ मध्ये एकदा वादळाची कड लागली, तर पिंपच आडवे झाले. १९८७ मध्ये टोटो निवृत्त झाले.

पडद्यावर जे घडले ते प्रत्यक्षात घडवले टिम समारस यांनी. त्यांचे यंत्र बुटके, शंकूच्या आकाराचे, जमिनीला चिकटून बसणारे होते. २४ जून २००३ रोजी साउथ डकोटातल्या मँचेस्टर गावाजवळ त्यांनी ते टॉर्नेडोच्या वाटेवर ठेवले. वादळ वरून गेले आणि हवेचा दाब १०० मिलिबारने कोसळल्याची नोंद हाती आली. ३१ मे २०१३ रोजी एल रेनोच्या टॉर्नेडोत समारस, त्यांचा मुलगा आणि एक सहकारी यांचा अंत झाला. पॅक्स्टन २०१७ मध्ये गेले, तेव्हा अमेरिकेतल्या वादळांचा पाठलाग करणाऱ्यांनी आपापल्या जागांच्या खुणा संगणकावरच्या नकाशावर अशा मांडल्या की त्यांच्या नावाची आद्याक्षरे उमटली. एका नटाला मिळालेली ही मानवंदना मला फार मोलाची वाटते. हा सिनेमा पाहून कितीतरी मुले हवामानशास्त्राकडे वळली, त्याचे ऋण त्यांनी असे मान्य केले.

आता आपल्याकडे या. ठाणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, मुरबाड तालुक्यात, सह्याद्रीच्या भिंतीपासून जरासा सुटून पश्चिमेला उभा असलेला सिद्धगड. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी २ जानेवारी १९४३ रोजी जिथे हौतात्म्य पत्करले, तो हा डोंगर. उंची जवळपास हजार मीटर. पायथ्याला नारिवली, बोरवाडी, जांभुर्डे. पाठीशी आहुप्याचे कडे. उत्तरेला गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके. इथे ट्विस्टरमधला टॉर्नेडो येईल का?

जवळपास नाहीच. त्या जातीच्या टॉर्नेडोला खाली उबदार दमट हवा, वर कोरडी थंड हवा आणि उंचीगणिक दिशा व वेग बदलणारा वारा, हे तिन्ही एकदम लागते. ओक्लाहोमात मेक्सिकोच्या आखाताची वाफ आणि रॉकी पर्वतावरून उतरणारी कोरडी हवा एकमेकींवर चढतात. आपल्या उपखंडात असा मेळ बंगाल, ओडिशा, बांगलादेशात चैत्र-वैशाखात जमतो. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातल्या माणिकगंज भागात एका टॉर्नेडोने सुमारे तेराशे माणसे मारली. जगात एका टॉर्नेडोने घेतलेले हे सर्वाधिक बळी मानले जातात. सह्याद्रीवर मात्र पावसाळ्यात खाली पश्चिमेचा वारा असतो आणि वर चौदा-पंधरा किलोमीटरांवर पूर्वेचा वेगवान झोत. भारतीय हवामान खात्याच्या पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात ज्याचा अभ्यास मांडला तो हा झोत. म्हणजे वाऱ्यातला फरक भरपूर. पण हवा तळापासून वरपर्यंत ओलीच असते, कोरडा थर मिळत नाही, आणि टॉर्नेडोला लागणारा उसळता ढग घडत नाही.

वळवाची गोष्ट वेगळी. मे महिन्यात दुपारी घाटमाथ्यावर ढग चढतो, अंधारून येते आणि अर्ध्या तासात मुरबाड-शहापूरकडे घरांचे पत्रे शेजारच्या शेतात जाऊन पडतात. दुसऱ्या दिवशी बातमीत चक्रीवादळ असते. ते चक्री होते की नव्हते, हे पाहणाऱ्याला स्वतः ठरवता येते आणि ते शिकवले तेत्सुया फुजिता यांनी. टॉर्नेडोची तीव्रता एफ-एक, एफ-पाच अशी मोजण्याची, सिनेमात पात्रांच्या तोंडी सारखी येणारी पट्टी १९७१ मध्ये त्यांनीच दिली. तरुणपणी नागासाकीत अणुबाँबने पाडलेली झाडे त्यांनी पाहिली होती; स्फोटाच्या खालच्या बिंदूपासून सगळी बाहेरच्या दिशेला पडलेली. पुढे अमेरिकेत विमानातून वादळाचे नुकसान पाहताना तोच नमुना त्यांना जंगलात दिसला. ढगातून थंड, जड हवेचा लोट खाली आदळतो आणि जमिनीवर चहूकडे पसरतो, हे त्यांनी त्यावरून ताडले.

तेव्हा वादळ निवल्यावर रानात जाऊन एवढेच पाहावे: पडलेल्या झाडांचे शेंडे कोणीकडे आहेत? एका अरुंद पट्ट्यात दोन्ही बाजूंचे शेंडे आत वळलेले, एकमेकांवर तिरके पडलेले असतील, तर हवा फिरत होती. सगळे एका दिशेने किंवा पंख्यासारखे पसरत बाहेर गेले असतील, तर लोट वरून आला होता. मोहाचे एक झाड काही सांगत नाही. दहा-वीस झाडांची आणि पत्र्यांची दिशा होकायंत्राने वहीत टिपली, तर वादळाचा आराखडा कागदावर येतो. लोक मोडलेली झाडे तोडून नेण्याआधी हे व्हायला हवे.

पण सिद्धगडाचे खरे वादळ जून ते सप्टेंबरचे. ते गरगरत नाही, गर्जतही कमीच. अरबी समुद्रावरून येणारा मोसमी वारा कोकणपट्टी ओलांडतो, भिंतीला भिडतो आणि वर चढतो. चढताना थंडावतो, वाफेचे पाणी होते. १९६६ मध्ये आर. पी. सरकार या भारतीय शास्त्रज्ञांनी मुंबई-पुणे रेषेवरच्या सह्याद्रीसाठी हे गणित मांडले. पाऊस किनाऱ्यापासून वाढत जातो, ऐन माथ्याच्या जरा अलीकडे कळस गाठतो आणि पलीकडे झपाट्याने घसरतो, असे त्यातून आले. सिद्धगड नेमका त्या ‘जरा अलीकडे’च्या पट्ट्यात उभा आहे. वरच्या आहुप्याला भात लावतात आणि तिथून पूर्वेला मंचरच्या बाजूला उतरले की बाजरीचा मुलूख लागतो.

या ढगाच्या पोटात काय चालते? तिथे डोरोथी कशी ठेवायची? ओक्लाहोमात ढगामागे गाडी पळवावी लागते. इथे डोंगर जागेवर असतो आणि ढग स्वतः चालून येतो, त्यामुळे डोंगरावरच यंत्रे मांडून बसायचे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासाची उच्चस्थानीय प्रयोगशाळा उभारली ती याच विचाराने. पावसाळ्यात ढग तिथे खिडकीतून आत येतो. त्याचे थेंब मोजायला विमान लागत नाही. मांढरदेवच्या डोंगरावर संस्थेने रडारही बसवले.

तिथले एक यंत्र मला फार आवडते, थेंबमापक. तळहाताएवढा पांढरा शंकू आभाळाकडे तोंड करून बसवलेला असतो. त्यावर थेंब आपटला की धक्क्याच्या जोरावरून थेंब केवढा होता ते कळते. दर मिनिटाला यादी निघते: अर्ध्या मिलिमीटरचे इतके, एक मिलिमीटरचे इतके, तीनचे इतके. ढगातला कण दोन शतांश मिलिमीटर धरला, तर एक मिलिमीटरचा थेंब व्हायला असे सव्वा लाख कण एकत्र यावे लागतात. हे एकत्र येणे बर्फाच्या मदतीने होते की नुसत्या पाण्याच्या कणांच्या टकरींतून, याचा सुगावा ही यादी देते. पश्चिम घाटावर पावसाळ्यात छोट्या थेंबांची गर्दी असते आणि ढग बहुधा बुटके असतात, असे महाबळेश्वरच्या अभ्यासांतून दिसले. बर्फाच्या थरापर्यंत न पोचताही हे ढग धो-धो बरसतात. मुरबाडकडच्या माणसाला हा पाऊस अनुभवाने ठाऊक आहे. वीज नाही, गडगडाट नाही, नुसती दिवसरात्र लागलेली झड.

बुटका ढग हीच पूर्वसूचनेची अडचण. रडार सरळ रेषेत पाहते आणि पृथ्वी गोल आहे. कुलाब्याचे रडार सिद्धगडापासून सुमारे ऐंशी किलोमीटरांवर. किरण क्षितिजापासून अर्धा अंश वर धरला, तर ऐंशी किलोमीटरांत तो सातशे मीटर वर जातो आणि जमिनीच्या वाकामुळे आणखी साडेतीनशे-पावणेचारशे मीटरची भर पडते. म्हणजे गडाजवळ पोचेपर्यंत किरणाचा मध्य हजार मीटरच्या थोडा वर, जवळपास गडमाथ्याच्याच उंचीला. खालच्या खोऱ्यात थेंब आणखी जाड होत असतील, तर ते रडारला नीट दिसत नाही. भिंतीपलीकडचे तर आणखी अवघड.

आणि भिंतीपलीकडेच, सिद्धगडापासून सरळ रेषेत पंधरा-वीस किलोमीटरांवर, आंबेगाव तालुक्यातले माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी पावसाने भिजलेला डोंगर गावावर आला आणि १५१ माणसे गेली. असा उतार किती पाणी प्यायला आहे हे दूरच्या यंत्रावरून कळत नाही. त्या उतारावरचाच पाऊस मोजावा लागतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुलाब्याला ७५ मिलिमीटरही नव्हता. दोन्ही ठिकाणे एकाच शहरात आहेत. २०१९ च्या जुलैत उल्हास नदी फुगली आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान हजाराहून अधिक प्रवाशांसह पाण्यात उभी राहिली. ते पाणीही वरच्या डोंगरउतारांवरून आणि खोऱ्यांतून आले होते.

राज्यात ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळाला एक या हिशेबाने दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, हे चांगलेच झाले. पण मंडळ म्हणजे कितीतरी गावे, आणि डोंगराळ भागात गावागणिक पाऊस बदलतो. पायथ्याचा आकडा माचीवरच्या घराला लावता येत नाही. भरपाईच्या पंचनाम्यापासून दरडीच्या इशाऱ्यापर्यंत सगळे त्या आकड्यावर उभे असते, म्हणून मला हा प्रश्न शास्त्रज्ञांपुरता वाटत नाही. ऑक्टोबरात कापून ठेवलेले हळवे भात भिजते, त्याच्या नुकसानीचा पुरावाही हाच आकडा. शहापूरच्या भातसा-तानसाच्या पाण्यावर जगणाऱ्या मुंबईलाही त्यात रस असायला हवा.

यावर स्वस्तातला उपाय आहे. कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स शहरात जुलै १९९७ मध्ये अचानक पूर आला. शहराच्या एका कडेला ढगफुटी झाली आणि दुसऱ्या कडेला फारसा पाऊस नव्हता, म्हणून अधिकृत केंद्रांना तिचा पुरता अंदाज आला नाही. दुसऱ्या वर्षीपासून तिथे घरोघरचे स्वयंसेवक साध्या नळीच्या पर्जन्यमापकाने पाऊस मोजू लागले आणि आज ते जाळे सगळ्या अमेरिकेत पसरले आहे. मुरबाड-शहापूरच्या आदिवासी पट्ट्यात आश्रमशाळा आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत, विज्ञानाचे शिक्षक आहेत. पर्जन्यमापक उघड्यावर, झाडा-भिंतींपासून त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर बसवावा. पाणी रोज सकाळी साडेआठला मोजावे, कारण हवामान खात्याचा दिवस तिथूनच मोजला जातो. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहावे, रकाना रिकामा सोडू नये. एक मापक पायथ्याच्या शाळेत, एक माचीवर आणि एक वर आहुप्यात, असे तीन मापक एक पावसाळाभर चालले, तरी सरकार यांनी कागदावर काढलेला पावसाचा चढ सिद्धगडावर खरा उतरतो का, हे मुलांना स्वतः तपासता येईल.