बैलगाडीतला कॅमेरा आणि माळावरचा माळढोक



या पानावर एरवी बेणे, लागण, खोडवा आणि हुमणी हेच विषय असतात. या अंकात पक्ष्यांच्या फोटोंचा विषय घेतला आहे. याचा उसाशी काय संबंध, असे आधी वाटेल. पण संबंध आहे, तो पुढे येईलच.

माळढोकाला भय माणसाचे, बैलगाडीचे नाही. पायी चालणारा माणूस लांबवर दिसला तरी तो मान ताठ करतो आणि चालू लागतो. आणखी जवळ गेलात तर ते जड अंग उचलून पार पलीकडच्या माळावर जाऊन उतरतो. तोच माणूस बैलगाडीत बसला, बैलांना त्यांच्या चालीने चालू दिले, आणि सरळ अंगावर न जाता फेर धरून हळूहळू आत सरकत गेला, तर पक्षी खुशाल चरत राहतो. ही युक्ती आधी शिकाऱ्यांची. ज्यांनी बंदूक ठेवून कॅमेरा हाती घेतला, त्यांनाही तीच उपयोगी पडली. कारण साधे आहे. माळावरच्या पक्ष्याला जन्मापासून गुरे दिसतात, आणि गुरांनी त्याचे कधी वाईट केलेले नसते. दोन पायांच्या प्राण्याबद्दल त्याचा अनुभव वेगळा आहे.

विलायतेत तर दोघा भावांनी याच विचाराने कमालच केली. रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे यॉर्कशायरच्या डोंगरी भागातले, शेतकऱ्याच्या घरातले. १८९२ साली त्यांनी अंड्यांसह घरट्याचा फोटो घेतला, आणि १८९५ साली घरट्यांवरचे त्यांचे पुस्तक निघाले. त्यातली सगळी चित्रे म्हणजे प्रत्यक्ष काढलेले फोटो होते. त्या काळचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, तीन पायांचा स्टँड आणि काचेच्या प्लेटा. लांबून काम भागवणारे भिंग हाताशी नव्हते, तेव्हा पक्ष्याच्या जवळ जाणे भाग होते. मग त्यांनी खऱ्या बैलाचे कातडे चढवून आतून पोकळ असा बैलच तयार करवला! आत माणूस, माणसापुढे कॅमेरा, आणि कातड्याच्या भोकातून बाहेर बघणारे भिंग. एकदा आतल्या भावासकट तो बैल उलटला आणि पाय वर झाले. त्याचाही फोटो निघाला आहे.

ज्यांच्याकडे पोकळ बैल नव्हता त्यांनी लपण केले. गोणपाट, चार काठ्या, वरून कडब्याच्या पेंढ्या. लपण एका दिवसात पक्ष्याजवळ नेऊन ठेवायचे नसते. आधी लांब उभे करायचे, पक्ष्याला सवय होऊ द्यायची, मग रोज थोडे पुढे सरकवायचे. आत शिरतानाही एक गंमत आहे. दोघांनी बरोबर जायचे, एकाने आत बसायचे आणि दुसऱ्याने पक्ष्याला दिसेल असे परत निघून जायचे. पुष्कळ पक्ष्यांना मोजता येत नाही. माणूस गेला, असे समजून ते निवांत होतात. कावळा मात्र इतका भोळा नाही, हे भुईमूग राखणाऱ्याला सांगायला नको.

इतके करून हाती काय? एका रोलमध्ये ३६ फोटो. रंगीत स्लाइडची चांगली फिल्म मंद असे, ६४ किंवा १०० वेगाची. माळढोक चरायला निघतो सकाळी आणि सांजच्याला, म्हणजे नेमका उजेड कमी असताना. वेगाची फिल्म घातली तर फोटो निघतो, पण दाणा मोठा येतो. आपल्या भाषेत सांगायचे तर मंद फिल्म म्हणजे एस-३० साखर आणि वेगाची फिल्म म्हणजे एम-३०. त्यात कॅमेऱ्याच्या आतल्या आरशाचा खटका. पहिल्या खटक्याला पक्षी मान वर करतो आणि दुसऱ्याला चालू लागतो. फोटो कसा आला हे रोल धुऊन येईपर्यंत कळायचे नाही. आपल्याकडे उटीच्या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्म होती, पूर्व जर्मनीची ‘ऑर्वो’ होती, आणि ज्याला परवडेल त्याला ‘कोडाक्रोम’. कोडाक्रोम बनणे २००९ साली थांबले आणि २०१० च्या अखेरीस ती धुणाऱ्या शेवटच्या प्रयोगशाळेनेही ते काम बंद केले. आज कुणाच्या ट्रंकेत न धुतलेला कोडाक्रोमचा रोल सापडला, तर त्यातले मूळ रंग आता मिळायचे नाहीत.

आता आपल्या माळाकडे येऊ. सत्तरच्या दशकात सोलापूरचे बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळढोकांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. १९७२ च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून वन खात्याने तिथे काही माळ राखले होते. चराई थांबली, गवत आले आणि त्या गवतात माळढोक रमले. ऐंशीच्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. असद रहमानी आणि त्यांचे सहकारी तिथे राहून अभ्यास करीत होते. पावसाळ्यात नर गळ्याची पिशवी फुगवून लोंबती सोडतो, शेपूट पाठीवर घेतो आणि घुमतो. त्या आवाजावरून काही भागांत त्याला ‘हूम’ म्हणतात. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. म्हणून घरट्याशी कॅमेरा नेणे हा अपराधच समजावा. मादी उठली की कावळा आणि कुत्रे टपलेलेच असतात. शिवाय हा पक्षी १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

१९७९ साली अभयारण्य झाले, तेही सोलापूर आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत मिळून साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. त्यात गावे आली, बाजारपेठा आल्या, पिकाखालची राने आली. जमिनीच्या व्यवहारांना अडचणी येऊ लागल्या आणि लोकांचा राग पक्ष्यावर निघाला. पुढे क्षेत्र बरेच कमी केले, पण तोवर पक्षीही कमी झाला होता. आज देशभरात माळढोक दीडशेच्या आत-बाहेर उरले आहेत, त्यातले बहुतेक राजस्थानात. नान्नजला एखादा दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते.

आणि इथे ऊस येतो. माळढोकाला चारी बाजूंनी नजर पोचेल असे रान लागते. गुडघाभर गवत, मधून ज्वारी, हरभरा, भुईमूग. तिथे तो नाकतोडे आणि किडे वेचतो. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले, मग कालवे आले, विहिरी आणि बोअर झाले. माळ मोडून लागणी झाल्या. डोक्यावर गेलेल्या उसात हा पक्षी उभाही राहणार नाही. मोकाट कुत्री आणि विजेच्या तारा ही कारणेही खरी आहेत. समोरची तार त्याला नीट दिसत नाही आणि अंग जड असल्याने तो ऐनवेळी वळूही शकत नाही. पण सगळे तारांवर ढकलून चालणार नाही. उसाने आपली घरे उभी केली, पोरे शिकली, आणि उसाचे क्षेत्र वाढवणे हे तर माझे रोजचे काम आहे. तरीही माळ गेला तो आपल्या नांगराखाली गेला, हे आपल्याच पत्रकात छापून यायला हवे असे मला वाटते.

म्हणून जुन्या निगेटिव्हचे महत्त्व आहे. पूर्वी लग्नाचा रोल संपवायचा म्हणून उरलेल्या दोन-चार फ्रेम रानात जाऊन मारायची पद्धत होती. अशा एखाद्या फ्रेमच्या कोपऱ्यात, पार मागे, ठिपक्याएवढा माळढोक उभा असू शकतो. तो कोणत्या गावच्या माळावर होता याचा तो पुरावा, जुन्या सातबाऱ्यासारखा.

ठिपक्याएवढाच, म्हणून स्कॅन नीट व्हायला हवे. ऑफिसातला साधा स्कॅनर इथे चालत नाही. झाकणात दिवा असलेला, फिल्मसाठीचाच लागतो. फ्रेम असते ३६ बाय २४ मिलिमीटर. पक्ष्याने फ्रेमच्या लांबीचा दहावा भाग व्यापला असे धरा. इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने स्कॅन केले तर पक्ष्याच्या वाट्याला जेमतेम ४२ ठिपके येतात. ४००० ने केले तर साडेपाचशेच्या वर. ४२ ठिपक्यांत माळढोक काय आणि करकोचा काय, सारखेच. धूळ आपोआप काढण्याची सोय रंगीत निगेटिव्हला चालते. कृष्णधवल फिल्मला ती लावू नका, कारण तिच्यातली चांदी अवरक्त किरण अडवते आणि यंत्र चित्रालाच धूळ समजते. मोबाइलमधले फोटो ‘सुधारणारे’ ॲपही नको. पक्ष्याला नसलेली पिसे ते आपल्या मनाने काढते, मग पुरावा कसला?

फिल्मवरचा थर सरसाचा असतो, त्यावर बुरशी पोसते. बुरशी लागलेली फिल्म पाण्याने धुऊ नका, थर विरघळून येईल. डबा उघडताच शिरक्याचा आंबूस वास आला तर त्या फिल्मचा पायाच खराब होत चालला आहे, ती इतरांपासून वेगळी ठेवा आणि तिचे स्कॅन आधी करून घ्या. फुंकर घालू नका, थुंकी उडते. रबरी फुग्याने धूळ उडवा. पट्टी कडेने धरा. कडेला कंपनीचे नाव आणि फ्रेमचे आकडे छापलेले असतात, ते स्कॅनमध्ये येऊ द्या. पट्ट्यांची जुळणी त्यावरूनच लागते.

ज्यांच्याकडे असे रोल असतील त्यांनी ते एकाच पाकिटात कोंबू नयेत. प्रत्येक पट्टीला कागदाची वेगळी घडी करावी आणि घडीवर पट्टी आत घालण्यापूर्वीच पेन्सिलीने गाव, रानाचे नाव आणि गट नंबर लिहावा. साल आठवत नसेल तर त्या वर्षी शेजारच्या रानात कोणते पीक होते तेवढे लिहा. जुन्या सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीशी ताडून साल काढता येते.

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग