बाथरूमच्या टाइल्स बदलताय? भिंत झाकण्याआधी फोन असा वापरा

घरात बाथरूमचं काम निघालं की सगळी चर्चा टाइल्सच्या डिझाइनवर होते. पण त्या किती वर्षं टिकणार, हे त्यांच्या मागची भिंत ठरवते. जुन्या टाइल्स निघाल्यापासून नव्या लागेपर्यंत ही भिंत जेमतेम काही दिवस उघडी असते. एवढ्या काळात फोनकडून बरंच काम करून घेता येतं. मात्र दोन ठिकाणी त्याच्यावर विसंबू नका.

1. टॉर्च तिरका मारा

बाथरूमचा दिवा बंद करा. फोन भिंतीलगत धरून टॉर्चचा उजेड भिंतीवरून आडवा जाऊ द्या. समोरून सपाट वाटणारी भिंत आता खरी दिसेल: उंचवटे, खड्डे, चिकटून राहिलेला जुना माल, सगळ्यांच्या सावल्या पडतात. तिथे खडूने खुणा करा.

मग हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तिथल्या प्लास्टरने विटेची पकड सोडली आहे. त्यावर टाइल कितीही घट्ट बसवली तरी उद्या ती प्लास्टरसकट सुटेल. तेवढा भाग पाडून नवं प्लास्टर करावं लागतं आणि त्यावर निदान 7 दिवस पाणी मारावं लागतं. भिंत गुळगुळीत असेल तर मिस्त्रीला छिन्नीने टाचे मारायला सांगा, म्हणजे माल धरेल.

2. पाइपचे फोटो काढा

सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. प्लंबरचं काम झालं, पण झिऱ्या अजून बुजवलेल्या नाहीत, अशा वेळी प्रत्येक भिंतीचा समोरून फोटो घ्या. फ्रेममध्ये उघडलेली टेप ठेवा: एक जमिनीपासून वर, एक कोपऱ्यापासून आडवी. वाइड लेन्स नको, त्यात कडेची मापं ताणली जातात. गिझरची वायर कुठून गेली आहे, तेही टिपा.

दोन वर्षांनी टॉवेल रॉडसाठी ड्रिल करताना हा फोटो पाइप वाचवेल. व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नुसता फोटो पाठवला की तो आकसतो आणि त्यातली तारीख-वेळेची माहिती निघून जाते.

3. प्रेशर टेस्टचे दोन फोटो

झिऱ्या बुजवण्याआधी प्लंबरला पंप लावून पाइपची टेस्ट घ्यायला सांगा. सुरुवातीला गेजचा एक फोटो आणि काही तासांनी दुसरा. काटा खाली आला असेल तर कुठेतरी गळती आहे. वेळ फोटोतच नोंदलेली असते, त्यामुळे वादाचा प्रश्नच येत नाही.

4. लेव्हल ॲपवर भिंत ठरवू नका

फोनमधला सेन्सर कल मोजतो, पण अनेक ॲप आकडा पूर्ण अंशातच दाखवतात. म्हणजे 0 दिसत असतानाही भिंत जवळपास अर्धा अंश झुकलेली असू शकते. 8 फूट उंचीवर अर्धा अंश म्हणजे सुमारे 2 सेंटीमीटर! शिवाय कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे फोन भिंतीवर सपाट बसत नाही. इथे मिस्त्रीचा ओळंबा आणि ॲल्युमिनियमची लांब पट्टीच खरी.

5. मेटल डिटेक्टर ॲपवर ड्रिल करू नका

ही ॲप्स फोनमधल्या होकायंत्राचा सेन्सर वापरतात. जुना लोखंडी पाइप त्यांना कदाचित सापडेल. पण हल्ली बसवतात ते सीपीव्हीसी पाइप प्लास्टिकचे असतात आणि तांब्याची वायर चुंबकाला दाद देत नाही. ॲप गप्प राहिलं म्हणजे भिंत रिकामी आहे, असं नाही. म्हणून तर वरचे फोटो हवेत.

6. वॉटरप्रूफिंगची घाई नको

सिमेंटवर टाइल्स लावल्या की पाणी आत जाणार नाही, हा गैरसमज आहे. सांध्यांतून ते झिरपतंच. शॉवरच्या भागात निदान 6 फुटांपर्यंत वॉटरप्रूफिंगचे दोन हात हवेत. कोपरे आणि पाइपभोवतीच्या फटी आधी भरून घ्या. दोन हातांमध्ये किती तास थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. तेवढ्या वेळेचा फोनवर अलार्म लावा. शेवटी जमिनीवर 24 तास पाणी साठवून ठेवा आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघून या. ओल आत्ता दिसली तर दुरुस्ती सोपी असते, टाइल्स लागल्यावर दिसली तर सगळं परत फोडावं लागतं.

सगळे फोटो एका अल्बममध्ये ठेवा आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनवरही त्याची कॉपी असू द्या. पाइप फुटेल तेव्हा तुम्ही घरी असालच असं नाही.