आनंदीबाईंविरुद्धचा पुरावा

मालेगावहून नाशिकला गेलात आणि गंगापूर रस्त्याला लागलात, की गोदाकाठी आनंदवल्ली लागते. राघोबादादांनी बायकोच्या नावाने वसवलेली ही वस्ती आता शहरात विरघळून गेली आहे. दादा १७८३ साली कोपरगावी वारले; त्यांच्या पश्चात आनंदीबाई मुलांसह पुण्याच्या कारभाऱ्यांच्या नजरकैदेत राहिल्या आणि १७९४ मध्ये याच आनंदवल्लीत त्यांनी डोळे मिटले. त्यांच्याविषयी एकच गोष्ट मराठी माणसाला तोंडपाठ असते: दादांनी ‘धरावे’ असा हुकूम लिहिला, बाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला आणि दादांचा पुतण्या, अठरा वर्षांचा पेशवा नारायणराव मारला गेला. ही गोष्ट म्हण होऊन बसली, तिच्यावर नाटके रंगली आणि आरोप सिद्ध झाल्यासारखाच मानला गेला. उपलब्ध पुराव्याकडे तपासनिसाच्या नजरेने पाहिले, तर मात्र तो आरोप उभा राहू शकत नाही. इतकेच नव्हे, तर या गोष्टीचा खरा लाभ कोणाला झाला हे पाहिले, की बोट दुसरीकडेच वळते.

आधी ती दुपार. ३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, शनिवारवाडा. थोरले माधवराव पेशवे थेऊरला वारल्याला अजून वर्षही झाले नव्हते. राघोबादादा त्याच वाड्यात पुतण्याच्या कैदेत होते. थकलेल्या पगाराची ओरड करत गारदी, म्हणजे पगारी शिपाई, आत घुसले. सुमेरसिंग, महंमद यूसुफ आणि खरगसिंग हे त्यांचे म्होरके, आणि त्यांच्या बरोबरीने दादांचा खासगीतला नोकर तुळाजी पवार. जाग आलेला नारायणराव धावत चुलत्याच्या दालनात गेला आणि त्याला मिठी मारून जीव वाचवण्याची याचना करू लागला. या प्रसंगाचा सर्वांत सविस्तर वृत्तांत साताऱ्यास ब्रिटिश रेसिडेंट राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे दादांनी मध्ये पडून पुतण्याला सोडण्याची विनवणी केली. त्यावर सुमेरसिंगाने सुनावले, की इथवर आल्यावर आपल्याच गळ्याला फास लावून घेण्याची त्याची तयारी नाही. दादांनी पोराला सोडावे, नाहीतर दोघेही मरतील. दादांनी स्वतःला सोडवून घेतले आणि ते गच्चीकडे निघाले. मागे धावणाऱ्या नारायणरावाचा पाय तुळाजीने धरला आणि त्याला खाली ओढले. नि:शस्त्र सेवक चापाजी टिळेकर धन्याच्या अंगावर पडला. दोघेही तलवारीखाली गेले.

सुमेरसिंगाच्या त्या उत्तराजवळ थोडे थांबायला हवे. हुकुमाचा कागद हातात असलेला शिपाई हुकुमाचे नाव काढील, कागद पुढे करील. ज्याच्या नावाने हुकूम निघाला तोच समोर उभा राहून ‘सोड’ म्हणत असताना तर नक्कीच काढील. सुमेरसिंग तसे काही म्हणत नाही. त्याला फक्त स्वतःच्या जिवाची काळजी आहे. वाड्यात शिरून पेशव्यावर हात टाकल्यावर तो पेशवा जिवंत राहणे म्हणजे गारद्यांना फाशी, हा त्याचा हिशोब आहे. म्हणजे ‘धरावे’चे ‘मारावे’ व्हायला शाईची गरजच नव्हती. पकडण्याचा बेत त्या दालनात आपसूक खुनावर गेला. पगारी फौज धन्याच्या हाताबाहेर कशी जाते, हे मालेगावकरांना वेगळे सांगायला नको. नारो शंकर राजेबहाद्दरांनी बांधलेल्या इथल्या किल्ल्यात १८१८ मध्ये जमवलेले अरब शिपाई राजेबहाद्दरांच्याच वंशजाला जुमानेनासे झाले होते, आणि इंग्रजांनाही त्यांनी मे-जूनमध्ये सुमारे महिनाभर झुंजवले.

आता कागदाकडे येऊ. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी सुमारे दीड महिना चौकशी केली आणि दादांना समोरासमोर जाब विचारला. तेव्हा दादांनी कबूल केले, की महंमद यूसुफला लेखी हुकूम दिला होता, पण तो धरण्याचा होता, मारण्याचा नव्हता. ग्रँट डफ पुढे सांगतो, की शास्त्र्यांनी मूळ कागद मिळवला तेव्हा त्यात अक्षर बदललेले दिसले. ते आनंदीबाईंनी बदलले, हे मात्र तो शास्त्र्यांचा निष्कर्ष म्हणून देत नाही. लोकांत तसे सर्वत्र मानले जाते, एवढेच म्हणतो. खुनानंतर ५३ वर्षांनी नोंदवलेली लोकांची समजूत ही समजूतच असते. तो कागद कोणत्याही दप्तरात सापडलेला नाही. बाईंना अक्षर बदलताना पाहिल्याची कोणा साक्षीदाराची जबानीही नाही. आणि कागदात खरेच खाडाखोड असेल, तरी तो दादांच्या दालनातून निघून गारद्यांच्या हाती पडेपर्यंत वाटेतल्या कोणालाही ती करता आली असती.

या कहाणीने कोण वाचतो, हे पाहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ‘मी फक्त धरा म्हणालो होतो’ हा मुळात आरोपीचा बचाव आहे. त्याने खुनाचा कट कैद करण्याच्या कटावर येतो. अक्षर बायकोने बदलले असे मानले, की उरलेला दोषही दादांच्या अंगावरून उतरतो. पुढच्या पिढ्यांनी हा बचाव जसाच्या तसा स्वीकारला आणि खापर बाईच्या माथी फुटले. ज्याने पुरावा डोळ्यांनी पाहिला त्या न्यायाधीशाला मात्र तो पटला नाही. दादांनी प्रायश्चित्त विचारले तेव्हा देहान्तावाचून दुसरे प्रायश्चित्त नाही, असे रामशास्त्र्यांनी बजावले आणि ते पुणे सोडून गेले. तो निवाडा दादांच्या नावाचा होता; त्यात आनंदीबाईंचे नाव नाही. दादांचे नंतरचे वागणेही पाहा. पुतण्याच्या खुनाने सुन्न झालेला चुलता आधी खुन्यांना बेड्या ठोकतो. यांनी साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे आणवली. गारद्यांना शासन केले ते पुण्याच्या कारभाऱ्यांच्या, म्हणजे बारभाईंच्या राज्यात, दादांच्या नव्हे.

यावर कोणी म्हणेल, आनंदीबाई महत्त्वाकांक्षी होत्या. नवऱ्याला गादी मिळाली तर त्यांचाच फायदा होता. ते खरे आहे. पण हेतू हा कृत्याचा पुरावा होत नाही, आणि तोच हेतू दादांजवळ दुप्पट होता. नारायणरावाच्या कैदेत ते होते, गादी त्यांना हवी होती. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: बाई निर्दोष होत्या, तर बारभाईंनी त्यांना जन्मभर नजरेखाली का ठेवले? याचे उत्तर राजकारणात आहे. नारायणरावाची विधवा गंगाबाई १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर प्रसूत झाली आणि सवाई माधवराव पेशवा झाला. दादांनी १७७५ च्या मार्चमध्ये सुरतेला इंग्रजांशी तह केला, आणि त्यातून पेटलेले युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत विझले नाही. अशा माणसाच्या घरात बाजीराव आणि चिमाजी हे वारस वाढत होते. त्यांची आई मोकळी सोडणे बारभाईंतल्या नाना फडणिसांना परवडणारे नव्हते. म्हणून कैद झाली. नारायणरावाच्या खुनाबद्दल बाईंना शिक्षा कधीच सुनावली गेली नाही. ज्यांनी गारद्यांना शोधून शासन केले, त्यांच्या हाती बाईंविरुद्ध ठोस काही असते तर ते त्यांनी दडवून ठेवले असते, हे मला पटत नाही.

तिसरा आक्षेप असा, की इतकी वर्षे टिकलेल्या लोकस्मृतीत काहीतरी तथ्य असणारच. लोकस्मृतीला रंगभूमीचे बळ मिळाले हे विसरून चालणार नाही. खाडिलकरांचे १९०९ चे ‘भाऊबंदकी’ नाटक आणि प्रभातचा १९४४ चा ‘रामशास्त्री’ चित्रपट यांनी ते घर, ती बाई आणि तो न्यायाधीश घराघरांत पोचवले. रंगमंचाला कारस्थानी बाई हवी असते, इतिहासाला नाही.

मग खरी उलगडायची गाठ कोणती? माझ्या मते ती तुळाजी पवारापाशी आहे. दादांचा हा खासगी नोकर वाड्यात गारद्यांसोबत होता, नारायणरावाचा पाय त्यानेच धरला, आणि कैदेतल्या धन्याचा शब्द बाहेर गारद्यांपर्यंत न्यायला त्याच्याइतका सोयीचा माणूस दुसरा नव्हता. पुढे तो हैदरअलीच्या मुलखातून पकडून आणला गेला आणि त्याची जबानी घेतली गेली. कारभारी सखारामबापू बोकिलांकडेही त्या काळी बोट दाखवले गेले होते. दालनातला आदेश आणि वाड्यातली तलवार यांच्यामध्ये जी माणसे उभी होती ती ही. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कोट्यवधी मोडी कागद वाचणाऱ्या नव्या पिढीने त्या दोघांच्या नावांपासून सुरुवात करावी.