धाराशिवला जेवायला कुठे?

तुळजापूरला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो. दर्शनाचे झाले, राहण्याचे झाले, पण तिकडे जेवायला कुठे? विचारणाऱ्याला एखाद्या हॉटेलाचे नाव हवे असते. मी उमरगा तालुक्यात वाढलो, शाळा-कॉलेज जिल्ह्याच्या गावी केले, त्यामुळे मला माहिती असणार असा त्यांचा समज. माहिती आहेही, पण माझे उत्तर ऐकून बहुतेक जण गोंधळतात. मी म्हणतो, धाराशिवात 'कुठे जेवायचे' हे विचारू नका. 'कधी' आणि 'कोणाकडे' ते विचारा.

कारण साधे आहे. हा मुलूख 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पूर्वेला कन्नड मुलूख हाकेच्या अंतरावर, दक्षिणेला सोलापूर, उत्तरेला बालाघाटचे डोंगर. मराठी, दखनी उर्दू आणि कन्नड या तिन्ही भाषा एकाच आठवडे बाजारात कानावर पडतात. आणि जितक्या भाषा, तितक्या चुली! शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून गावाला पडलेले उस्मानाबाद हे नाव 2023 साली अधिकृतपणे बदलून धाराशिव झाले. पाट्या बदलल्या, पण ताटात जे मिसळले होते ते तसेच राहिले.

सकाळपासूनच सुरुवात करू. एस. टी. स्टँडच्या आसपासच्या कोणत्याही साध्या हॉटेलात 'सुशीला' मागा. नवखा माणूस दचकतो! चुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतायचे, वर डाळ्याची पूड आणि कोथिंबीर. पोह्यांची ही चुलत बहीण. कर्नाटकात हाच पदार्थ 'सुसला' म्हणून खातात. म्हणजे नाश्त्याच्या बशीतच सीमाभाग आला.

तुळजापूर धाराशिवपासून सुमारे 22 किलोमीटर, तर सोलापूरहून 45. येथे येणारी जुनी घराणी हॉटेलात उतरत नाहीत, आपल्या पुजाऱ्याच्या घरी उतरतात. पुजाऱ्यांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात. तुमच्या पणजोबांचे नाव त्यांत सापडू शकते. देवीला पुरणपोळीचा नैवेद्य त्याच घरी शिजतो आणि कुलाचार असेल तर मटणाचे जेवणही तेथेच होते. शहरातल्या नव्या पिढीला हे जुनाट वाटते. पण भाकरी चुलीवरून थेट ताटात, सोबत शेंगदाण्याची चटणी, येसराची आमटी, आणि वाढणारी बाई आग्रहाने म्हणते, 'आणखी अर्धी घ्याच!' हे कोणत्या मेनूकार्डावर मिळणार?

धाराशिव शहरात हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांचा दर्गा आहे. उरुसाला हिंदू-मुसलमान दोन्ही येतात. दर्ग्याच्या नवसाची 'कंदुरी' हा आमच्या भागातला खास शब्द. मूळ फारसी शब्दाचा अर्थ जेवणासाठी अंथरायचे वस्त्र, म्हणजेच दस्तरखान. आमच्याकडे त्याचा अर्थ झाला बकऱ्याचे नवसाचे जेवण, ज्याला गावातल्या कोणालाही ना म्हणायचे नाही. मराठवाड्यातली कितीतरी हिंदू घरे पिढ्यान्‌पिढ्या कंदुरी करत आली आहेत, आणि खेड्यात बकरे कापायला मुलाण्याला बोलावणे हा तर बलुतेदारीतलाच रिवाज. बकरे अर्थातच उस्मानाबादी. काळीभोर, काटक, दुष्काळातही तग धरणारी ही जात मटणाच्या चवीसाठी नावाजलेली आहे. गावाचे नाव बदलले तरी शेळीचे जुने नाव अजून चालू आहे!

मुसलमान शेजाऱ्याच्या लग्नाचे आमंत्रण आले तर चुकवू नका. बगारा खाना म्हणजे खड्या मसाल्याच्या फोडणीचा साधा भात, आणि त्यावर दालचा. डाळ, दुधी, चिंचेचा आंबटपणा आणि मटण यांचे हे हैदराबादी कालवण इथल्या हातात पडले आणि जरा अधिक तिखट झाले. शाकाहारी पाहुण्यांसाठी वेगळा मांडव आणि वेगळा आचारी ठेवण्याची पद्धत मी लहानपणापासून पाहत आलो आहे. शेजाऱ्याच्या धर्माचा मान भाषणात राखणे सोपे. त्याच्यासाठी वेगळी चूल मांडणे खर्चाचे आणि कष्टाचे काम आहे.

गोड खाणाऱ्यांनी भूम-वाशीच्या बाजूला वळावे. भूम तालुक्यातले कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र; आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 साली येथेच सल्लेखना घेतली. भाविक परतताना खव्याचे पेढे घेऊन जातात. तांबूस, रवाळ, बेताचे गोड. या खव्यामागे कोरडवाहू शेतीचे गणित आहे. डोंगराळ भाग, पाऊस बेभरवशाचा, शेतीला जोड म्हणून जनावरे. दूध शहरापर्यंत पोचेतो नासणार, म्हणून ते गावातच कढईत आटवायचे. घरोघर पेटलेल्या या भट्ट्यांनी कितीतरी संसार सावरले. कुंथलगिरीच्या खव्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. धाराशिवच्या गुलाबजामचे रहस्य याच खव्यात आहे. आणि लातूरकडे जाणार असाल तर औसा तालुक्यातल्या उजनीला थांबून बासुंदी खा. जिल्हा दुसरा, पण दूध त्याच मातीतले.

मात्र वर्षातले सर्वांत मोठे जेवण कोणत्याही दुकानात मिळत नाही. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, धाराशिव आणि लातूरच्या बाजारपेठा ओस पडतात आणि सगळे गाव रानात जाते. शेतात कडब्याची कोप उभारतात, आत पांडव म्हणून दगड मांडतात, पूजा होते आणि मग पंगत. तुरीचे कोवळे दाणे, हरभरा, वाटाणा, वाल, शेंगदाणे, कांद्याची पात, चिंचेचे पाणी आणि बेसन यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आदल्या दिवशी ताकात शिजवलेली ज्वारीची आंबील, गव्हाची खीर. कर्नाटकात हीच अमावास्या 'एळ्ळ अमावास्या' म्हणून साजरी होते. त्या दिवशी आमच्या शेतांत घुमणाऱ्या आरोळीतले शब्दही कानडी वळणाचे आहेत. ओरडणाऱ्या मराठी पोरांना त्यांचा अर्थ ठाऊक नसतो, आणि त्यावाचून काही अडतही नाही. बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचे, हा या दिवसाचा नियम. त्याची जात-धर्म विचारायची नाही.

पण इथेच मला काळजी वाटते. भज्जीत पडणारे हे सारे दाणे एकाच शेतात मिळत, कारण पेरा मिश्र असे. ज्वारीत करडईचे पाटे, तुरीच्या ओळी, बांधाला वाल. आता खरिपात नजर जाईल तिथवर सोयाबीन. शेतकऱ्याला दोष कसा देणार? नगदी पैसा त्यातच दिसतो. मात्र सोयाबीन घरच्या चुलीवर येत नाही, ते थेट आडतीला जाते. गेल्या काही वर्षांत येळवशीच्या आदल्या दिवशी शेतकऱ्याची घरधनीणच वाटाणा आणि वालाच्या शेंगा बाजारातून विकत आणताना मी पाहिली आहे. करडईच्या तेलाचा वास तर कित्येक घरांतून गेलाच. रान एकसुरी झाले की ताट एकसुरी होते, आणि माणसे एकमेकांच्या ताटावर येईनाशी झाली की गावही एकसुरी होते. दुसरी गोष्ट पहिलीहून जास्त महागात पडेल.

तेव्हा बेत आखताना पंचांग जवळ ठेवा. डिसेंबर-जानेवारी सर्वांत चांगला. येळवस साधेल, आणि त्यानंतर हुरडा. कोजागरीला सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर पायी भाविकांची रीघ लागते. त्यांच्यासाठी जागोजागी चहा, केळी, खिचडी वाटणारे उभे असतात, तेही एक पंगतच समजा. मोहरमला खेड्यात असाल तर गव्हाच्या पिठाचे गुळाचे चोंगे चाखा. नळदुर्गचा किल्ला आणि पाणीमहाल पाहायला जाल तर भाकरी-ठेचा बांधून न्या.

महामार्ग आता रुंद झाले आहेत. गाडी धाराशिवच्या कडेने भरधाव निघून जाते, आणि ढाब्यावर देशभर मिळते तेच पनीर इथेही मिळते. ते खाऊन पोट भरेल. पण ओळखीच्या कोणाला आधी एक फोन करा, सांगा, 'येतोय, जेवायलाच येतोय.' आमच्याकडे या वाक्याने माणसे खूश होतात. आणि येळवशीच्या दिवशी शेताच्या बांधावरून हाक आली, तर घड्याळाकडे पाहू नका. चपला काढा आणि पंगतीत बसा.