बेल्ट ग्राइंडर बनवताय? चाक घेण्याआधी मोटरची प्लेट वाचा

बेळगाव : उद्यमबागेत कास्टिंगच्या कडा साफ करायच्या असोत की निपाणी-चिकोडी पट्ट्यात ऊसतोडीच्या कोयत्यांना धार लावायची असो, बेल्ट ग्राइंडर कामाला येतो. सांगाडा, तीन-चार चाके, मोटर आणि एमरीचा पट्टा एवढाच त्याचा पसारा. चांगला वेल्डर आणि टर्नर हाताशी असला की यंत्र इथेच उभे राहते. घोळ होतो तो मोटरच्या शाफ्टवर बसणाऱ्या चाकात, म्हणजे ड्राइव्ह व्हीलमध्ये. ते किती इंची हवे, हे मोबाइलवरचा परदेशी व्हिडिओ बघून ठरवले की हिशेब चुकलाच.

पट्ट्याचा वेग मोटरचे फेरे आणि या चाकाचा व्यास यांवर ठरतो. मधली बाकीची चाके लहान-मोठी असली तरी त्याने फरक पडत नाही. व्यास इंचात घ्या, त्याला आरपीएमने आणि मग ०.२६२ ने गुणा. येणारा आकडा म्हणजे मिनिटाला इतके फूट.

आता गोम अशी, की अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आणि आपल्याकडे ५० ची. तिथली दोन पोलची मोटर मिनिटाला सुमारे ३४५० फेरे घेते, इथली २८८०. म्हणून तिथे ५ इंची चाकाने पट्टा ४५०० फुटांनी पळतो आणि इथे तेच चाक ३७७० वर अडकते. तोच वेग पाहिजे तर आपल्याकडे ६ इंची चाक लागेल. जुन्या बाजारातून उचललेली मोटर चार पोलची, म्हणजे १४४० फेऱ्यांची निघाली, तर ६ इंची चाक लावूनही वेग २२६० च्या पुढे जात नाही.

मग सरळ मोठेच चाक बसवावे काय? तसे नाही. मोटरची ताकद तेवढीच राहते. वेग वाढला की पट्ट्याची ओढ कमी होते. १ एचपीच्या २८८० फेऱ्यांच्या मोटरला ४ इंची चाक लावले तर ओढ कागदावर साधारण ५ किलोची, ६ इंचीला जेमतेम सव्वातीन. लोखंड जरा जोरात दाबले की मोटर दमते, बसते आणि गरम होते. ६ इंची चाक लावायचेच असेल तर २ एचपी धरा.

खरी परीक्षा कोयत्याची. ओबडधोबड पत्र्याला आकार देताना जाड दाण्याचा पट्टा आणि ४००० फुटांच्या वरचा वेग चालतो. पण पाणी दिलेल्या पात्याला धार काढताना तोच वेग घात करतो. पातळ कड क्षणात तापते. पोलाद ३०० अंशांच्या आसपास निळे पडते आणि निळे पडले की तिथले पाणी उतरले समजा. असा कोयता दिसायला चकचकीत, पण फडात दुपारपर्यंत बोथट. तोडणीची मजुरी टनावर मिळते. धार लावण्यात गेलेला वेळ मजुराच्याच खिशातून जातो. म्हणून धारेला २००० फुटांच्या आसपासचा वेग, बारीक दाणा आणि शेजारी पाण्याची बादली.

दोन्ही कामे एकाच यंत्रावर करायची तर थ्री फेज मोटर आणि व्हीएफडी हा सोयीचा मार्ग. २५ हर्ट्झवर वेग निम्मा होतो. मात्र तेव्हा मोटरचा पंखाही मंद फिरतो, त्यामुळे तासन् तास तसे चालवू नये. घरच्या सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी २३० व्होल्टच देतो. मोटरच्या प्लेटवर २३०/४१५ लिहिले असेल तरच डेल्टा जोडणी करून ती चालेल. व्हीएफडी बंद पेटीत ठेवावा, लोखंडाची धूळ आत गेली की तो जळतो. एवढा खर्च नको असेल तर स्टेप पुलीनेही भागते, फक्त दर वेळी व्ही-बेल्ट हलवायची कटकट.

तयार चाक ऑनलाइन मागवणाऱ्यांनी भोक तपासावे. अमेरिकी चाकाला बहुधा ५/८ इंची भोक असते. आपल्याकडच्या २ एचपीच्या दोन पोल मोटरचा शाफ्ट साधारण २४ मिलिमीटरचा, १ एचपीचा १९ चा. त्यापेक्षा मोटर घेऊनच टर्नरकडे जावे आणि चाक, भोक, चावीची खाच एकाच सेटिंगमध्ये काढून घ्यावी. भोक जरा जरी बाजूला गेले, तर २८८० फेऱ्यांवर सगळा सांगाडा थरथरतो.