समुद्राच्या स्वतःच्या तेलाचे दशक

पावसाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यांवर समुद्रात सांडलेल्या तेलाचे डांबरगोळे साचू लागले, की समुद्र आपले आपण निस्तरतो, हा दिलासा हटकून ऐकू येतो. आणि ज्या शोधनिबंधामुळे या दिलाशाला शास्त्रीय मुलामा मिळाला, त्याला 2025 मध्ये दहा वर्षे पूर्ण झाली. हायड्रोकार्बन, म्हणजे केवळ कार्बन व हायड्रोजन यांची संयुगे, नीलहरित जीवाणूंच्या पेशींत सापडतात हे 1960च्या दशकाअखेरीसच नोंदले गेले होते, तर समुद्रात सर्वाधिक संख्येने असलेला प्रोक्लोरोकॉकस हा नीलहरित जीवाणू 1988 मध्ये उजेडात आला. पण या दोन गोष्टींची सांगड घालण्याची घाई कोणालाच नव्हती.

खरी हालचाल 2010 पासूनची. त्या वर्षी 20 एप्रिलला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलफलाटावर स्फोट झाला, आणि जुलैमध्ये तेथील विहिरीतून होणारी तेलगळती थांबते न थांबते तोच, नीलहरित जीवाणू कोणत्या दोन विकरांच्या साहाय्याने मेदाम्लांपासून अल्केन, म्हणजे डिझेलमध्येही आढळणारी एकबंधी हायड्रोकार्बने, घडवतात याचा उलगडा प्रसिद्ध झाला. लगेच जिवाणूंकडून इंधन पिकवण्याची स्वप्ने रंगवली गेली. त्या दोन विकरांपैकी एक कमालीचे मंद आहे, ही अडचण मात्र उत्साहाच्या भरात मागे राहिली.

सुरुवातीला उल्लेखलेल्या 2015 च्या शोधनिबंधात डेव्हिड ली-स्मिथ व सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतील मोजमापांवरून अंदाज बांधला, की प्रोक्लोरोकॉकस आणि सिनेकोकॉकस हा दुसरा नीलहरित जीवाणू मिळून वर्षाला 30.8 ते 77.1 कोटी टन हायड्रोकार्बने तयार करतात; समुद्रतळातील नैसर्गिक झिरपे आणि मानवी गळती यांतून समुद्रात मिसळणारे तेल त्यापुढे जेमतेम 13 लाख टन भरते. हे उत्पादन खाऊन जगणारे जिवाणू तेलगळतीच्या वेळीही उपयोगी पडत असावेत, अशी शक्यता लेखकांनी मांडली होती. बातम्यांनी मोठा आकडा उचलला आणि शक्यतेची ग्वाही करून टाकली. पंधरा व सतरा कार्बनांच्या सरळ साखळ्या तयार होताच खाल्ल्या जातात, त्यांचा तवंग साचत नाही, आणि खनिज तेलात मात्र हजारो संयुगे, त्यांत विषारी वलयी संयुगेही, असतात, हा फरक सांगण्याचे कष्ट फारच थोड्यांनी घेतले.

या गैरसमजावरचा उतारा 2021 मध्ये आला. कॉनर लव्ह, डेव्हिड व्हॅलेंटाइन व सहकाऱ्यांनी उत्तर अटलांटिकच्या पाण्यात पंधरा कार्बनांचे पेंटाडेकेन प्रत्यक्ष मोजले, आणि त्याची मात्रा इतकी सूक्ष्म होती, की नमुने दूषित होऊ नयेत म्हणून जहाजाच्या डेकवर स्वयंपाक, धूम्रपान व रंगकाम यांना मनाई करावी लागली. पेंटाडेकेन मिळताच तेथील जिवाणू भराभर वाढले. पण खनिज तेलातील पेंटेन दिल्यावर, आखातातील झिरप्यांजवळच्या पाण्यात चटकन दिसलेली वाढ, झिरप्यांपासून दूरच्या पाण्यात फार उशिरा दिसली. स्वतःच्या घरचे अन्न पचवणारा समुद्र परके तेलही तितक्याच तत्परतेने पचवील, या समजुतीला येथे तडा गेला, तरी चर्चेत अजून 2015 चाच आकडा फिरतो.

डांबरगोळ्यांच्या बाबतीत तर तो दिलासा सर्वांत कमी लागू पडतो, कारण किनाऱ्याला लागेपर्यंत तेलातील हलके घटक बाष्परूपाने निघून गेलेले असतात, सरळ साखळ्या बऱ्याच अंशी खाल्ल्या गेलेल्या असतात, आणि उरलेल्या चिकट गाळात प्रामुख्याने राळयुक्त द्रव्ये व अॅस्फाल्टीन असतात, ज्यांच्या वाटेला जिवाणू सहसा जात नाहीत.