फुप्फुसातली गाठ : अहवालात काय पाहायचे?

फुप्फुसात कर्करोगाची गाठ आहे, एवढे शब्द कानांवर पडले की घरातल्या सगळ्यांचे धाबे दणाणते. पण या गाठींमध्ये एक निराळे कुळ आहे. ‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’ हे त्याचे नाव. शस्त्रक्रियेनंतर यातले काही रुग्ण वीस-वीस वर्षे उत्तम जगतात, तर काहींचा आजार वर्षा-दोन वर्षांत उलटतो. हा फरक कशाने पडतो, ते आज पाहू.

श्वासनलिकेच्या अस्तरात काही खास पेशी असतात. मज्जापेशी आणि संप्रेरके स्रवणाऱ्या ग्रंथींच्या पेशी या दोहोंचे गुण त्यांच्यात असतात. या कुळातल्या गाठींचे चार प्रकार आहेत : टिपिकल कार्सिनॉइड, एटिपिकल कार्सिनॉइड, लार्ज सेल आणि स्मॉल सेल. पहिला सर्वांत सौम्य, शेवटचे दोन अत्यंत आक्रमक. स्मॉल सेलवर तर शस्त्रक्रिया क्वचितच होते.

‘कार्सिनॉइड’ म्हणजे कर्करोगासारखा. जर्मनीतील ओबरनडॉर्फर यांनी १९०७ मध्ये आतड्यातल्या गाठींना हे नाव दिले, कारण त्या निरुपद्रवी वाटल्या. पण नावावर विसंबू नये; कार्सिनॉइडही पसरू शकतो.

मग भवितव्य कशावरून ठरते? पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रकार. पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली दोन चौरस मिलिमीटर जागेत किती पेशी विभागताना दिसतात, ते मोजतात. दोनपेक्षा कमी आणि मृत पेशींचे पुंजके नाहीत, तर टिपिकल. दोन ते दहा, किंवा असे पुंजके दिसले, तर एटिपिकल. टिपिकल प्रकारात शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनी शंभरातले सुमारे नव्वद रुग्ण हयात असतात. एटिपिकलमध्ये साधारण साठ ते सत्तर. बायोप्सीचा तुकडा लहान असल्याने ही मोजणी चुकू शकते. म्हणून खरा निवाडा काढलेल्या संपूर्ण गाठीवरच होतो.

दुसरी गोष्ट, लसीकाग्रंथी. आजार तिथवर पोचला असेल तर धोका वाढतो. म्हणूनच गाठ काढताना सर्जन छातीतल्या या ग्रंथीही तपासणीला पाठवतात. तिसरी, गाठ पूर्ण निघाली का? कापलेल्या कडेवर रोगट पेशी उरल्या नसाव्यात. शिवाय रुग्णाचे वय, गाठीचा आकार आणि आजार दूर पसरला आहे का, यांचाही हिशेब असतोच.

तेव्हा अहवाल हाती आला की डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारा : प्रकार कोणता? ग्रंथींमध्ये आजार आहे का? कडा स्वच्छ आहेत का? ‘कर्करोग’ या एका शब्दापेक्षा ही तीन उत्तरे कितीतरी अधिक सांगतात. आणि उत्तरे चांगली आली तरी तपासण्या सोडू नका. ही गाठ दहा वर्षांनीही डोके वर काढू शकते.

आणखी एक. आपल्याकडे खोकल्यातून रक्त पडले की पहिला संशय क्षयाचा येतो, आणि तो रास्तही आहे. मात्र तपासणीत क्षयाचे जंतू सापडत नसतील, किंवा न्यूमोनिया पुन्हा पुन्हा त्याच जागी होत असेल, तर छातीचा सीटी स्कॅन आणि दुर्बिणीतून श्वासनलिकेची तपासणी यांविषयी छातीच्या डॉक्टरांना विचारावे. गाठ लवकर सापडली, तर ती समूळ काढता येण्याची शक्यता वाढते. आणि रुग्णाचे पुढचे आयुष्य पुष्कळसे त्यावरच अवलंबून असते.